मोटारीच्या खोलीवरची वेल

निमगाव साव्यात द्राक्षाविषयी शेवटचा शब्द हौशीरामआप्पांचा. हे कुणी ठरवून दिलेलं नाही, पण आहे ते आहे. मणी फुगेना, पानाला डाग आला, व्यापारी भाव पाडून मागतोय, काहीही झालं तरी माणूस हातात घड धरून आप्पांच्या ओट्यावर येतो. आप्पा घड वर धरतात आणि नेमका खालच्या शेंड्याचा मणी तोडतात. "वरचा मणी काय, कुणाचाबी गोड आसतोय. शेंड्याचा बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मणी तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे, साल थुंकायची आणि निकाल द्यायचा. "आठवडाभर थांब." "आजच तोड." "ह्याला पाणी लई झालंय, तुझ्यासारखंच." निकालावर अपील नाही. साखर मोजायचं यंत्र घेऊन व्यापारी आला, तर तोसुद्धा आधी आप्पांच्या तोंडाकडं बघतो आणि मग यंत्रात डोकावतो.

अशा माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ. वडील गेले तेव्हापासून घातलेली. मांस-मच्छी नाही, अंडं नाही, दारू तर लांबच राहिली. खोकल्याचं औषध आणायला गेले तरी दुकानदाराला विचारून घेणार, "ह्यात तसलं काय न्हाई ना?" नातीच्या वाढदिवसाला कुणी केक पुढं केला, तर त्याच्याकडं अशा नजरेनं बघतात की देणाऱ्यालाच हात मागं घ्यावासा वाटावा.

आणि अशा या माळकरी माणसाच्या मळ्यात, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीवर, दारूच्या द्राक्षाची वेल होती. आता बोला!

वेल ठकूबाईची, म्हणजे आप्पांच्या मंडळींची. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, पण त्या वेलीवर होतं. ठकूबाईचं माहेर खोडदचं. तिचा धाकटा भाऊ दादाभाऊ. मागं एका कंपनीनं वाइनची द्राक्षं लावायची टूम काढली होती, तेव्हा दादाभाऊनं गावातल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या थाळ्यांच्या अलीकडचा चांगला काळा मळा त्या द्राक्षाखाली घातला. आप्पांनी तेव्हाच बजावलं होतं, "पावणं, जे द्राक्ष खाता येत न्हाई, ते द्राक्षच न्हवं." पुढं कंपनीनं गाशा गुंडाळला. दादाभाऊनं बाग उपटली, टोमॅटो लावले आणि हसून मोकळा झाला. त्याचा पिंडच तसा, कशाचं ओझं घेऊन बसणारा तो गडी नव्हे. ओझं घेतलं ते ठकूबाईनं. बाग उपटली त्या दिवशी ती माहेरीच होती. पोरासारखी वाढवलेली झाडं मुळासकट बांधावर पडलेली बघून तिच्या डोळ्याला पाणी आलं. काहीतरी आणायचं म्हणून तिनं खोडांचा एक भारा जळणाला टेंपोत टाकून आणला.

खोडं पाणी तापवायच्या चुलीत एकेक करून गेली. एक तेवढं मोटारीच्या खोलीच्या भिंतीशी, धुण्याच्या दगडापाशी टेकून राहिलं होतं. तिथं पाइप गळायचा, बारमाही चिखल. पावसाळ्यात बघते तर खोडाला डोळे फुटलेले.

"आगं बाई, जळणात जीव हाये की!" ठकूबाई म्हणाली आणि तिनं ते चुलीत घातलं नाही. भावाच्या मळ्यातलं एवढंच उरलं होतं, ते कोण जाळेल?

वेल पत्र्यावर चढली, अर्धी इकडं विहिरीच्या अंगाला आणि अर्धी तिकडं धुण्याच्या दगडावर पसरली. भर उन्हात ठकूबाई सावलीत बसून धुणं धुवायला लागली. आप्पांना मात्र ती वेल डोळ्यात खुपायची. एक तर दारूच्या वंशातली. दुसरं म्हणजे द्राक्ष कसलं ते? वाटाण्याएवढा मणी, आत बियाच बिया, साल चामड्यासारखी, आणि आंबट इतकं की तोंड सरळ व्हायला वेळ लागावा. आणि फोडलं तर आतून बीटासारखं लाल. बुलबुलांना तेवढी ती आवडायची. एकदा कीर्तनाला निघालेल्या आप्पांच्या पांढऱ्याफेक टोपीवर वरून एका बुलबुलानं असा काही प्रसाद टाकला, की तो जांभळा डाग सोड्यानं गेला नाही आणि उन्हानंही गेला नाही. त्या दिवशी आप्पा कुऱ्हाड घेऊनच निघाले होते.

"माझ्या म्हायेराला हात लावायचा न्हाई," ठकूबाई वेलीखाली उभी राहून म्हणाली.

"म्हायेर कसलं? गुत्ता हाये तो, गुत्ता!"

"आसू द्या. म्या काय पिती का? सावलीला बसती."

असं बरीच वर्षं चाललं. दर छाटणीला आप्पा कुऱ्हाडीचं नाव काढायचे आणि दर छाटणीला ठकूबाई दगडावर ठाण मांडून बसायची. पण परवाच्या साली मोटारीची खोली खरोखरच मोडकळीला आली. पत्रा गंजला, भिंतीला चीर गेली. आप्पांनी जागच्या जागी स्लॅबची नवी खोली बांधायचं पक्कं केलं. गवंडी ठरला, विटा येऊन पडल्या. आता वेल जाणार, यात कुणाला शंका राहिली नाही. ठकूबाईचं जेवणावरचं मन उडालं.

तेवढ्यात मोहिनी आली.

मोहिनी मूळची मंचरची, आंबेगाव तालुक्यातली. शिकून वाइन बनवण्यात पडलेली. स्वतःचा बारकासा कारखाना टाकला होता तिनं, म्हणजे कारखाना कसला, चार टाक्या आणि एक शेड. त्या बंद पडलेल्या कंपनीनं परदेशातून काही वेगळ्या जातीच्या काड्या आणल्या होत्या, हे तिच्या कानावर आलं होतं. त्यातली एखादी कुठं जिवंत आहे का, हे शोधत ती गावोगाव फिरत होती. फिरत फिरत खोडदला दादाभाऊच्या दारात आली. दादाभाऊ हसून म्हणाला, "ताई, लई उशीर केला. समदी जाळून आंघूळ केली आमी. एक खोड तेवढं आक्काकडं जित्तं हाये, पर त्याचंबी आता बाराव्याचं जेवण जवळ आलंय." आणि तिला गाडीवर बसवून घेऊन आला.

द्राक्षं पिकायचे दिवस होते. मोहिनीनं एक मणी तोडला, दोन बोटांत चिरडला आणि नुसती बघत राहिली. बोटं लालभडक. दुसरा चिरडला, तिसरा चिरडला.

"आप्पा, ही आतून लाल आहे!"

"म्हाईत हाये," आप्पा म्हणाले. "माझी टोपी दाखवू का?"

तिनं मग समजावून सांगितलं. द्राक्ष कितीही काळं असलं तरी आतला गर सहसा पांढराच असतो, रंग सगळा सालीत. वाइनला लाल रंग येतो तो साल भिजवल्यानं. आतूनसुद्धा लाल असणाऱ्या जाती जगात थोड्या, आणि आपल्याकडं तर तिनं आजवर एकही पाहिली नव्हती. पानं, काड्या, मणी घेऊन ती गेली. कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवली आणि काही आठवड्यांनी तिचा फोन आला. जातीचं नाव सापेरावी. गाव जॉर्जिया, काळ्या समुद्राच्या काठाला. तिकडं हजारो वर्षांपासून वाइन करतात आणि त्या नावाचा अर्थच मुळी रंग देणारी. कंपनीच्या काड्यांत ही एक चुकून मिसळून आली असणार.

"बघा!" ठकूबाई म्हणाली. "माझी लुगडी काय उगं न्हाई रंगत व्हती."

मोहिनीची मागणी साधी होती. पुढच्या हंगामाची सगळी द्राक्षं तिला द्यायची, ती थोडी वाइन करून बघणार. चांगली निघाली तर याच वेलीच्या काड्यांनी ती एक तुकडा लावायला तयार होती. पण आप्पांच्या विटा येऊन पडलेल्या. मग ओट्यावर बैठक बसली. दादाभाऊ होता, ठकूबाई दाराच्या चौकटीला टेकून होती. आप्पांनी निवाडा केला: यंदा गवंडी थांबेल. वाइन चांगली निघाली तर वेल राहील, खोली दुसरीकडं बांधू. वाईट निघाली तर वेल तोडायची, मग माहेर नाही आणि सासर नाही.

"आन चांगली का वाईट, ते कोण ठरवणार?" दादाभाऊनं विचारलं.

"कोण म्हंजे? मी!" आप्पा गरजले. "ह्या गावात द्राक्षाचं दुसऱ्या कुणी ठरवलेलं चालतं व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात काही अडचण आहे हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही, आप्पांच्या तर नाहीच नाही.

आणि मग गंमत सुरू झाली. ज्या वेलीकडं आप्पा बघत नव्हते, तिच्याकडं रोज एक फेरी व्हायला लागली. आधी ती 'तुझी वेल' होती. दिवाळीपर्यंत 'आपली वेल' झाली. थंडी पडली तेव्हा आप्पा एसटीत शेजारच्याला सांगत होते, "माझ्या मळ्यात सापेरावी हाये. जुन्नर तालुक्यात दुसरी घावायची न्हाई." ठकूबाईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. एवढी वर्षं सांभाळली ती मी, टोपीच्या डागावरनं बोलणी खाल्ली ती मी, आणि आता यांची सापेरावी!

पण आप्पांच्या मनाला एक गोष्ट डाचत होती. जॉर्जियाची असेल, समुद्राकाठची असेल, पण मणी वाटाण्याएवढा! निमगावच्या हौशीरामच्या मळ्यातलं द्राक्ष आणि ते वाटाण्याएवढं? लोक काय म्हणतील? आप्पांचा जंबो द्राक्षाचा मणी असा, की घड बघायला आलेला माणूस आधी त्याच्याशेजारी आपला अंगठा लावून बघतो. त्यासाठी काय काय करतात ते द्राक्षवाल्यालाच ठाऊक. घडातले जादा मणी कात्रीनं काढून विरळणी करायची, मणी फुगायचं औषध कपात घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा, मग कागदात गुंडाळून उन्हापासून जपायचा. लेकराला न्हाऊमाखू घालावं तसं.

मोहिनीनं फोनवर बजावलं होतं. "आप्पा, काही करू नका. विरळणी नको, औषधात बुडवणं नको, खत नको. आहे तशी येऊ द्या."

आप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "पोरीला वळण चांगलं हाये. आपल्याला तरास नको म्हणून म्हंती."

आता यात आप्पांचं काय चुकलं सांगा. आपल्याकडं पाहुणा 'जेवूनच आलोय' म्हणतो, तेव्हा आत कणीक मळायला घेतलेली असते. 'नुसता चहा टाका' म्हटलं की त्याच्यामागं कांद्याची भजी येतात. आणि 'काही करू नका' असं कुणी निरोपात कळवलं, तर त्या घरात पुरणपोळीखेरीज दुसरं काही होऊच शकत नाही. नको म्हणायचं काम पाहुण्याचं आणि न ऐकायचं काम यजमानाचं. यात चूक झाली तर ती ऐकणाऱ्याची होते, म्हणजे जो खरंच काही करत नाही त्याची. मग मंचरची पोर, आपल्याच भागातली, 'काही करू नका' म्हणते, याचा अर्थ आप्पांनी दुसरा कसा काढायचा?

"अवो, पर ती करू नका म्हणली ना?" ठकूबाईनं एकदा टोकलं.

"तुला न्हाई कळायचं. तसं म्हणायचं आसतं."

"आन खरंच नको आसंल तर?"

"द्राक्षातलं तुला काय कळतं?" आप्पा म्हणाले, आणि विषय संपला. हे वाक्य त्यांनी लग्नापासून इतक्या वेळा म्हटलं होतं की ठकूबाईला ते आता घड्याळाच्या टोल्यासारखं ऐकूच यायचं नाही.

आप्पांनी मग मनापासून काम केलं. विरळणीला बायका लावल्या नाहीत. शिडी लावून, डोळ्याला चष्मा चढवून, स्वतः एकेक मणी काढला. कप घेऊन एकेक घड बुडवला. विहिरीच्या अंगाची बाजू झाली आणि ते शिडी उचलून धुण्याच्या दगडाकडं आले, तर ठकूबाई खाली धुणं धुवत बसलेली.

"ऊठ जरा. औषध गळंल."

"गळंल म्हणूनच उठत न्हाई. तुमचीच धोतरं हायेत. ह्या पांढऱ्या कापडावर तुमच्या औषधाचा थेंब पडला तर बघा."

"आगं, दोन दिस धुणं दुसरीकडं धू."

"न्हाई धुवायची. तिकडची बाजू तुमची सापेरावी. ही बाजू माझं म्हायेर. हिला हात लावायचा न्हाई."

तिला कुठं ठाऊक होतं औषधाचं काय होतं आणि काय नाही. तिला फक्त एवढंच वाटलं, की सगळंच यांनी आपलं करून घेतलं तर माझं काय राहिलं? आप्पांनी दोनदा घसा खाकरला, मग शिडी उचलली आणि गेले. 'ऱ्हाऊ दे तेवढी बारीक, बुलबुलाला व्हतील,' असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

मार्चात मोहिनी क्रेट घेऊन आली. दादाभाऊ आला. गावातले चार जण सहज म्हणून आले. सहज म्हणजे आप्पांनी सांगावे धाडले होते. वेलीखाली सतरंजी घातलेली, पाण्याचा तांब्या भरलेला. आप्पांनी घडाभोवतीचा कागद असा सोडला, जसा नवरीचा पदर सरकवावा. वा! काय तो घड. टपोरे, लांबोळके, बोराएवढे मणी, एकाला एक न टेकलेले. गावातले चौघं आप्पांकडं बघून म्हणाले, "आप्पा, तुमी दगडालाबी फुगवाल राव!"

मोहिनीनं मणी तोडला, चिरडला. बोटांना जेमतेम गुलाबी पाणी लागलं. तिनं तोंडात टाकला आणि बराच वेळ खाली बघत राहिली.

"आप्पा, मी काही करू नका म्हटलं होतं."

"म्हणली व्हतीस की."

"मग?"

"मग काय? तू म्हणली म्हणून म्या तुझ्यासाठी काहीच करायचं न्हाई व्हय? आमी काय आशी माणसं वाटलो का तुला?"

मोहिनीला हसावं की रडावं कळेना. तिनं हळूच सांगितलं. मणी बारीक असला की त्यात साल जास्त आणि पाणी कमी. रंग सालीत, दम सालीत. आंबटपणा हवा, त्यानंच वाइन टिकते. "तुम्ही फार सुंदर केलीत, आप्पा. बिया असलेलं द्राक्ष एवढं कसं फुगवलंत, मला तर समजतच नाही. पण ही खायची झाली. याची वाइन होणार नाही."

ठकूबाईनं पदर तोंडाला लावला आणि मग काढला. "म्हंजे गेली का माझी वेल?" ती म्हणाली. "एवढी वरसं दात-ओठ खाऊन कुऱ्हाड उचलली तवा वाचली, आन लाड केलं तवा गेली व्हय? कुऱ्हाडीला म्या आडवी येत व्हती. आता लाडाला कशी आडवी येऊ, सांगा की!"

ठकूबाई तशीच उठली, धुण्याच्या दगडाकडं गेली आणि तिच्या बाजूचा एक घड ओढून घेऊन आली. बारका, दाटीवाटीचा, अर्धे मणी बुलबुलानं खाल्लेले. तिनं तो कुणाला द्यायचा म्हणून बघितलं, आणि सवयीनं तो आप्पांच्याच हातात दिला. घड कुणाला दाखवायचा असतो, हे त्या गावात पोरालाही ठाऊक होतं.

आप्पांनी घड वर धरला. शेंड्याचा मणी तोडला. तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दादाभाऊ पुढं सांगायचा, "दाजींचं तोंड तवा बघायला पायजे व्हतं." आधी तोंड वाकडं झालं. मग सरळ झालं. पण गिळून झालं तरी आप्पा डोळे उघडेनात. साल थुंकायचीही विसरले. मग त्यांनी आपल्या टपोऱ्या घडाचा शेंड्याचा मणी तोंडात टाकला. तो गोड होता, आणि गिळला तसा संपला.

आता आप्पांना गप्प बसता आलं असतं. 'बरं हाये' म्हणता आलं असतं. चार माणसं समोर होती आणि ती आप्पांची वाहवा करायलाच आली होती. पण त्या माणसाची जीभ आयुष्यात एका मण्यावर खोटं बोलली नव्हती, स्वतःच्या मण्यावर तर कशी बोलणार?

"माझं पाणी हाये," आप्पा म्हणाले. "द्राक्ष हिचं हाये."

मोहिनीनं ठकूबाईच्या बाजूची द्राक्षं तोडली. बुलबुलांचं उरलेलं कितीसं असणार? एक क्रेट जेमतेम भरला. आप्पांचे घड मात्र गावात वाटले गेले. पुढचा आठवडाभर जो भेटेल तो म्हणायचा, "आप्पा, काय द्राक्षं व्हती! आसली गोड पुन्हा व्हायची न्हाईत," आणि प्रत्येक वेळी आप्पांना कुणी कानाखाली वाजवल्यासारखं व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्तुती नको झाली होती. पण सांगणार कुणाला?

क्रेट गाडीत ठेवताना मोहिनीनं विचारलं, "बाटलीवर नाव काय लिहू?"

"माझं न्हाई हं!" आप्पा एकदम मागं सरले आणि त्यांचा हात माळेवर गेला. "माळकरी माणूस हाये मी. दारूच्या बाटलीवर हौशीराम? उद्या कीर्तनात बसायचं हाये मला." मग जरा थांबून म्हणाले, "वेल हिची, नाव हिचंच घाल." यात मोठेपणा किती आणि सुटका किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ठकूबाईनं मात्र ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

पावसाळा गेला. विटांवर शेवाळ आलं, मोटार गंजक्या पत्र्याखाली भिजत राहिली, गवंडी दोनदा विचारून गेला. निकाल लागल्याशिवाय काही हलायचं नव्हतं. दसऱ्याच्या आसपास मोहिनी बाटली घेऊन आली. काळी बाटली, त्यावर चिकटवलेला कागद, कागदावर शाईनं एकच नाव: ठकूबाई. ठकूबाईला वाचता येत नव्हतं असं नाही, पण तिनं ते तीनदा वाचलं. शेवटी तिनं नावावरून बोट फिरवलं, शाई ओली आहे की काय हे बघायला.

ओट्यावर पुन्हा तीच बैठक. दादाभाऊ, ठकूबाई, मोहिनी. मोहिनीनं बूच काढलं आणि एका काचेच्या पेल्यात थोडी ओतली. रंग असा की पेल्याच्या पलीकडचं काही दिसेना. दादाभाऊनं पेला उचलला आणि दोन्ही हातांनी, अदबीनं, आप्पांच्या पुढं धरला.

"घ्या दाजी. निकाल तुमचा."

आप्पा पेल्याकडं बघत राहिले. मग दादाभाऊकडं. मग परत पेल्याकडं. गळ्यातली माळ अचानक जड झाली. एवढे महिने 'मी ठरवणार, मी ठरवणार' म्हणून गावभर सांगत फिरलेल्या माणसाच्या आत्ता ध्यानात आलं, की कशावर ठरवणार होतो आपण.

"मला कसं...," आप्पा म्हणाले. "माळ हाये."

दादाभाऊ असा हसायला लागला की त्याला पेला खाली ठेवावा लागला. "मायला! म्हंजे जज्जालाच कोर्टात येता येईना!"

आप्पांना हसू आलं नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं. नुसतं नाक जवळ नेऊन बघायलाही त्यांनी मान पुढं केली. वास काय, वाऱ्यावरनं येतोच, त्यानं माळ बाटत नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. पण नाकाला जेवढं कळलं त्यानं जिभेची तळमळ वाढली फक्त. जन्मभर ज्या जिभेवर गाव चाललं, ती आज नेमकी दाराबाहेर उभी.

"तू चाख," ते ठकूबाईला म्हणाले.

"म्या?"

"तूच. मला तुझ्यावर भरवसा हाये. पर खरं सांग. वेलीकडं बघू नको."

ठकूबाईनं आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. आणि वेल तर तिचीच होती. 'लई चांगलं हाये' एवढं म्हटलं की काम झालं. मोहिनी बघत होती, दादाभाऊ हसायचा थांबला होता. ठकूबाईनं पदर सावरला, पेला उचलला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. अगदी आप्पांसारखे. तोंड वाकडं झालं. आप्पा पुढं सरकले.

"कडू हाये जराशी," ती म्हणाली.

"मग?"

तिनं आणखी एक बारका घोट घेतला. या वेळी बराच वेळ गेला.

"आंबटपणा गेला न्हाई," ती हळूच म्हणाली. "शाणा झालाय."

मोहिनीनं एकदम तिचा हात धरला. आप्पा नुसतेच बघत होते. "म्हंजे कसं? नीट सांग की. कसं लागतंय?"

"ते कसं सांगू?" ठकूबाई म्हणाली. "चाखाय पायजे."

आप्पांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला निरोप धाडला: नवी खोली विहिरीच्या पलीकडच्या अंगाला बांधायची, पत्रा आहे तसा राहू द्यायचा.

मग छाटणी आली. आप्पांची सगळी बाग छाटून झाली आणि शेवटी ते कात्री घेऊन मोटारीच्या खोलीपाशी आले. ठकूबाई दगडावर धुणं धुवत होती. आप्पांनी एक काडी धरली, सोडली, दुसरी धरली. कात्री दोनदा उघडली, दोनदा मिटली. सगळ्या तालुक्याला छाटणी शिकवलेला माणूस तो.

"कुठून कापू गं?" त्यांनी विचारलं.

ठकूबाईचा हात धोतरावर तसाच थांबला.

"मला काय इचारता?" ती वर न बघता म्हणाली. "द्राक्षातलं मला काय कळतं?"

आप्पा काही गेले नाहीत. कात्री हातात धरून तिथंच उभे राहिले. तिनं धोतर धुतलं, पिळलं, बादलीत टाकलं, आणखी एक कापड धुतलं. ते उभेच. शेवटी ती उठली, ओले हात पदराला पुसले आणि वेलीवर बोट ठेवलं.

"हितनं," ती म्हणाली. "आन माझी बाजू मी सांगंल तवा."